बंद डबीचा भाव

९ जानेवारी १९९८, सातारा

अण्णांच्या डाव्या डोळ्याची पट्टी आज बदलली. मोतीबिंदू निघाला, पण अजून तीन आठवडे उजेड, धूर, वाकणं सगळं बंद. उजवा डोळा आधीपासूनच अधू. दिवसभर पडवीत खुर्चीवर बसतात आणि माझ्याकडून दुरुस्तीला आलेली कुलपं वाजवून घेतात.

"हलव. आणिक एकदा. तीन लिव्हर हायत, मधली सैल. दु."

दु. म्हणजे दुरुस्त होणारं. चा. म्हणजे चालू. कं. म्हणजे कंडेम, टाकाऊ. फौजेच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं अण्णांनी जगाचे हे तीनच भाग केले. आमच्या घरात सगळ्यालाच ते लागतात. आईचा आवाज चा., माझी छाती दु.

सांगलीहून पत्र आलं. सुभेदारकाका, अण्णांचे फौजेतले सोबती, जाऊन वर्ष झालं. त्यांचे दोघे मुलगे, थोरले विलासदादा आणि धाकटे अशोकदादा, वेगळे होताहेत. घराचं आणि जमिनीचं वकिलानं केलं. आतल्या चीजवस्तूंचा भाव मात्र, इतरांच्या वाटण्यांत करतात तसा, अण्णांनीच करावा, असं काकांच्या बायकोनं, आक्कांनी, कळवलंय.

अण्णा म्हणाले, "जायाचं."

आई म्हणाली, "डोळ्याला पट्टी बांधून? गांधारी हाय का तुमी?"

"डोळं हिचं, कान माझं."

हिचे म्हणजे माझे.

१२ जानेवारी

अण्णा उजळणी घेताहेत. मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, दम्यामुळे. अक्षरं शिकले ती फौजेच्या लाकडी पेट्यांवरची, पांढऱ्या रंगातली. मोजायला शिकले स्क्रूंवर. एकदम चौथीत नेऊन बसवलं तेव्हा बाईंनी विचारलं, शाळेची घंटा कशाची असते? मी म्हटलं, वाजवून दाखवा मग सांगते. वर्ग हसला. मला अजून कळत नाही त्यात हसण्यासारखं काय होतं.

तर उजळणी. वाटणीच्या घरात रुपयांत बोलायचं नाही, रुपये म्हटले की भांडण. सगळं सामान मिळून सोळा आणे धरायचे आणि कुठली वस्तू त्यात किती आण्यांची ते सांगायचं. आठ-आठ आण्यांचे दोन ढीग झाले की चिठ्ठी. आपण त्या घरातली काडी घ्यायची नाही. नारळ आणि चहा, बस. भाव सगळ्यांसमोर आणि एकदाच बोलायचा, मग तो बदलत नाही.

आणि बंद वस्तूचा भाव करायचा नाही. हे सांगताना ते दर वेळी तीच गोष्ट सांगतात. कुठल्याशा डेपोत बारा सीलबंद पेट्या आल्या, कागदावर पंपाचे सुटे भाग, आधीच्या स्टोअरकीपरनं सील बघून सही केली. अण्णांनी फोडल्या. आत गवत आणि विटा.

"सील कुणासाठी आसतं?"

"आळशी माणसासाठी."

मला हे पाठ येतं. पाठ येतं म्हणूनच भीती वाटते.

१५ जानेवारी, एसटीत

अक्षर हलतंय. अण्णा खिडकीशी, डोळ्यावर हिरवी झडप. शेजारचा माणूस त्यांना तिळगूळ देतो म्हणून हात पुढं करून बसलाय, अण्णांना दिसत नाही. मीच घेतला. काल संक्रांत झाली, आज किंक्रांत. आई म्हणत होती आज निघू नका.

कराडच्या अलीकडं अण्णा म्हणाले, "पूल आला." आणि आला. चाकांचा आवाज बदलला, खालून मोकळा झाला. मी डोळे मिटून घेतले. आवाज सगळ्या गाडीभर पसरला, लांब, पोकळ. एखाद्या मोठ्या घंगाळात आपण सगळे बसलोय आणि बाहेरून कोणी तरी ते हळूच वाजवतंय, असं वाटलं. पूल संपला तरी मी डोळे उघडले नाहीत.

१६ जानेवारी, सांगली

गावभागातलं घर. पलीकडं हळदीचं गोदाम आहे, त्यामुळं इथं सगळंच पिवळं. कोनाडे पिवळे, दाराच्या फटी पिवळ्या. सकाळी तिरपं ऊन आत आलं की त्यात पिवळी धूळ तरंगते. ती खाली बसत नाही, वरही जात नाही. मी बराच वेळ बघत राहिले. अण्णांनी दोनदा हाक मारली म्हणे.

आज भांडीकुंडी. मी एकेक उचलते, वजन सांगते, काठ सांगते, बोटाच्या सांध्यानं वाजवते. अण्णा मान तिरपी करून ऐकतात. तांब्याचा बंब वाजवला तेव्हा त्यांनी पुन्हा वाजवायला लावला. मग म्हणाले, "ह्यो सुभेदारानं पेन्शनीच्या पैल्या पैशात घेतलावता. मी संगं होतो. चा."

विलासदादांची बायको, शालनवहिनी, मागं मागं फिरते. "ते कुकर धरू नका बरं का ह्यात. वंदनाच्या माहेरचं हाय ते. न्हाई तर म्हणंल, जावंनं कुकर खाल्ला."

वंदनावहिनी (पुढं वं.व. लिहीन) अशोकदादांची बायको. ती आतूनच म्हणाली, "धरा हो. शिट्टी होत नाही त्याला."

शिट्टीचं छिद्र मी पिनेनं साफ केलं. झाली. चा.

१७ जानेवारी

आज कॉम्प्युटर.

मधल्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला, वर भरतकामाचं झाकण. वं.व. लग्नपत्रिका जुळवून देते. गावातले दोन छापखाने तिच्याकडून मजकूर नेतात. सहा वर्षांमागं अशोकदादांनी घेतला. तेव्हा सुभेदारकाका महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते, मग स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

तिनं चालू केला. आधी एक घरघर, मग किट्‌किट्, किट्, आणि काळ्या काचेवर अक्षरं. तिनं माझं नाव लिहून दाखवलं, 'चि. सौ. कां. सुमन', भोवती वेलबुट्टी. मला हसू आलं आणि कसंसंच झालं.

"पत्रिका कुठं राहतात गं? बंद केल्यावर?"

"आत. एक डबी असते. सहा वर्षांची सगळी घरं त्यात आहेत. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं की लोक येतात, मोठीची पत्रिका काढा, तशीच करा, फक्त नावं बदला. म्हणून तर येतात माझ्याकडं."

विलासदादा दारातून म्हणाले, "डबाच त्यो. नवीन आलेत आता, रंगीत. ह्यो भंगारात किलोवर जाईल."

"मग तुम्हाला नको ना?"

"नको कसा? वाट्याला आला तर इकीन."

वं.व.नं झाकण घातलं आणि त्याच्या चुण्या नीट केल्या. विश्रामबागेत दोन खोल्या घेतल्यात त्यांनी. अशोकदादांचं काम साखर कारखान्यावर, हंगामापुरतं. उरलेलं वर्ष या डबीवर चालतं.

अण्णांनी कान लावला. ते म्हणाले, "ह्ये यंत्र माझ्या वेळचं न्हाई, सुमे. ह्याचा भाव तू बोलायचा. कसा करायचा त्ये ठाव हाय."

१८ जानेवारी

दुपारी जेवणं झाल्यावर सगळे पडले. मी अण्णांची पिशवी घेऊन मधल्या खोलीत गेले. वं.व.ला विचारलं होतं, उघडून बघू ना? ती म्हणाली बघ, दुकानवाला पण उघडतो.

वरचा पत्रा काढला. आत हिरव्या पाट्या, त्यावर गावं वसल्यासारखे काळे ठिपके आणि चांदीच्या वाटा. एक-एक पाटी काढून वजन बघितलं, कडा बघितल्या, सोन्यासारखा मुलामा कुठं झिजलाय ते बघितलं, होती तशी बसवली. पंख्याला धूळ, बाकी चा.

मग ती डबी. तळहातावर मावते, पण उचलल्यावर हात खाली जातो इतकी जड. वर कागदाचं सील, इंग्रजीत, फाडलं तर हमी संपली. हमी तर कधीच संपली होती. स्क्रूंना ताऱ्यासारखी खाच, त्यात अण्णांचा बारीक चपटा पेचकस बसला. सील फोडलं. झाकण काढलं.

आत आरसा होता.

गोल, मधून धरलेला. असला आरसा मी कधी बघितला नव्हता. आपल्या आरशाला काचेची जाडी असते, चेहरा जरा आत असतो. याला आत नव्हतंच. माझं कपाळ, छताचा वासा, खिडकी, सगळं अगदी वर, पाण्यावर असतं तसं. बाजूला एक बारीक हात आरशावर टेकून झोपलेला. सहा वर्षांची लग्नं इथं आहेत म्हणाली. मी नावं दिसतात का बघत होते. वेड्यासारखं आहे, पण बघत होते.

किती वेळ गेला माहीत नाही. उन्हाचा पट्टा सरकून माझ्या मांडीवर आला. त्यातून एक पिवळा कण उतरला आणि आरशावर बसला. मी फुंकर मारली. आरशावर वाफ आली, लगेच गेली. कणही गेला.

झाकण लावलं. सगळे स्क्रू परत.

भाव मनात ठरला. उघडून, बघून. अण्णांना सांगितलं, आत स्वच्छ आहे, गंज नाही, झीज नाही. ते म्हणाले, "शाब्बास."

१९ जानेवारी

सगळ्यांसमोर बोलले. आवाज कापला नाही. कॉम्प्युटर तीन आणे, चा. बंब, दोन हंडे आणि घंगाळ मिळून तीन आणे. शिलाई मशीन, मोटर, कपाटं, मिक्सर, इस्त्री, सगळं ओळीनं. आठ-आठ आण्यांचे दोन ढीग झाले.

शालनवहिनी म्हणाली, "तीन आणं? त्या डब्याला? माझ्या बंबाबरुबर?"

अण्णा म्हणाले, "उघडून बघितलंय पोरीनं. बोलला भाव बोलला."

आक्कांनी तांब्यात हात घालून चिठ्ठी काढली. कॉम्प्युटरचा ढीग धाकट्यांना. वं.व.नं तोंडावर पदर धरला. हसत होती का रडत होती, मला कळलं नाही. शालनवहिनी बंबापाशी जाऊन उभी राहिली, ती पण खूश. दोघीही खूश असं अण्णांच्या वाटणीत पहिल्यांदाच झालं, असं अण्णा म्हणाले.

नारळ घेतला. चहा घेतला. वं.व.नं निघताना हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, तुझी पत्रिका मी करणार, जपून ठेवलीय तुझी चौकट आत.

२ फेब्रुवारी, सातारा

अण्णांची झडप निघाली. जाड चष्मा. पहिल्यांदा आईकडं बघून म्हणाले, "बारीक झालीस." आई म्हणाली, "चष्मा धुवा."

मला पहाटे पुन्हा तेच स्वप्न. आरसा कृष्णेच्या घाटावर पाण्यात आडवा, पाणी त्याच्यावरून जातंय आणि ओलं होत नाही. काठावर बायका ओळीनं उभ्या, प्रत्येक जण वाकून आपलं नाव शोधते. मला म्हणतात, तू सरक, तुझी सावली पडते. मी सरकते. छान स्वप्न आहे. उठल्यावर अंगात हलकं वाटतं.

८ फेब्रुवारी

मीना आली होती, मामाची. कराडला इंजिनिअरिंगला आहे. मी तिला मोठ्या हौसेनं आरशाचं सांगितलं. मला वाटलं, तिला तरी कळेल किती सुंदर ते.

ती खाता खाता थांबली. "उघडलंस? झाकण?"

"हो मग. बंद वस्तूचा..."

"कुठं? घरात? अशीच?"

"मधल्या खोलीत."

"अगं येडे, ती डबी जन्मात उघडत नसतात. ते सील हमीसाठी नसतं नुसतं. आत धूळ चालत नाही. तो हात आरशाला टेकत नाही फिरताना, केसाहून कमी जागा असते मधी. त्यात धुळीचा कण म्हणजे खंबाटकीत एसटीपुढं दरड."

"आणि फुंकर?"

मीनानं ताट बाजूला ठेवलं.

मी म्हटलं, पण चाललं ना. नंतर वं.व.नं लावलं, चाललं, अशोकदादांचं पत्र आहे. मीना म्हणाली, चालेल की. महिना चालेल, वर्ष चालेल. उद्या सकाळी बंद पडेल. कधी, ते कोण सांगणार?

९ फेब्रुवारी

चा. नाही. दु. पण नाही, कारण मीना म्हणते दुरुस्त होत नाही. कं. म्हणावं तर चालतंय. अण्णांच्या तिन्हींत बसत नाही असं पहिल्यांदाच काही तरी. आणि ते मी केलं.

तीन आणे बोलले, सगळ्यांसमोर. तो भाव बोलायच्या आदल्या दिवशीच मी तो खोटा केला होता.

तो कण गेला कुठं? फुंकर मारली तेव्हा मला वाटलं, बाहेर. पण बाहेर म्हणजे कुठं. डबीला काठ होता.

११ फेब्रुवारी

वं.व.चं पत्र. लग्नसराईचं काम बरंच येतंय. विश्रामबागेत खिडकीशी मांडलाय, उजेड चांगला. 'तुझ्या तीन आण्यांनी माझी पत वाढली, सासूबाई आता शेजारणींना सांगतात.' खाली वेलबुट्टी काढलीय हातानं.

पत्र उशाखाली ठेवलं, मग काढून कपाटात ठेवलं, मग या वहीत.

१३ फेब्रुवारी

सांगितलं नाही तर? ते वर्षभर चालेलही. मग बंद पडलं तर म्हातारं झालं म्हणून पडलं, कोणाला काय कळणार. विलासदादा आधीच भंगार म्हणत होते.

हे मी लिहिलं. खोडत नाही, राहू दे.

सांगितलं तर अण्णांचा बोललेला भाव मोडतो. तीस वर्षांत मोडला नाही. पाटणच्या वाटणीत दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे होते, तेही अण्णांच्या शब्दावर खाली बसले.

आज तीन कुलपांच्या किल्ल्या एकमेकांत मिसळल्या. अण्णा नुसते बघत होते, जाड चष्म्यातून. डोळे केवढे मोठे दिसतात आता.

१५ फेब्रुवारी

अण्णांना सांगितलं. स्टोव्हचा बर्नर साफ करत होते. मी मधली खोली, सील, आरसा, कण, फुंकर, मीना, सगळं क्रमानं. त्यांनी मधे एकच विचारलं.

"सील वाचलंवतंस?"

"हो."

"काय लिवलंवतं?"

"हमी संपेल. आणि खाली बारीक अक्षरात, उघडू नये."

"मग?"

"तुम्ही म्हणता, सील आळशी माणसासाठी."

पिन बर्नरच्या छिद्रात तशीच राहिली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग पिन बाहेर काढून म्हणाले, "त्ये मी पेट्यांचं बोलत हुतो." आणि मग, "पर तसं कवा सांगितलं न्हाई."

आईला हाक मारून माझी धुतलेली साडी काढायला सांगितली. मंगळवारी जायचं. मी म्हटलं, पत्र टाकू का आधी? "पत्रात भाव बोलतात का?"

१७ फेब्रुवारी, सांगली

पूल आला तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. अण्णा या खेपेला खिडकीतून बघत होते. नदीत पाणी कमी, एक माणूस म्हशी धूत होता. ते म्हणाले, "ऐकायला मोठी वाटती."

जुन्या घरी उतरलो. अण्णांनी निरोप धाडून धाकट्यांना बोलावून घेतलं. उद्या सगळे.

बंब परसात उजेडात ठेवलाय, चिंचेनं घासलेला, लालभडक. शालनवहिनी म्हणाली, "आवं, आलाय ते बरं झालं. पावणेर करू." घंगाळ कुठं दिसलं नाही. मुलीच्या सासरी पोचलं म्हणे.

१८ फेब्रुवारी

सगळे त्याच जागी बसले, जानेवारीत बसले होते तसेच. मी उभं राहून सांगितलं. आवाज कापला. सांगून झाल्यावर पलीकडच्या गोदामात पोती टाकल्याचा आवाज येत राहिला, एकेक.

विलासदादा म्हणाले, "पर चालतंय न्हवं? मग झालं की."

शालनवहिनी म्हणाली, "बोलला भाव बोलला. तुमीच म्हनलावता अण्णा. आता आमचं घंगाळ काय पोरीच्या सासूच्या हातनं वडून आणू?"

अशोकदादा जमिनीकडं बघत होते. वं.व. माझ्याकडं.

"तुला कधी कळलं?"

"आठ तारखेला."

"आज अठरा. या दहा दिवसांत मी सतरा पत्रिका घेतल्यात गं. सतरा घरांना हो म्हणालेय. पहिल्याच दिवशी कळवलं असतंस तर नुसत्या दुसरीकडं उतरवून ठेवल्या असत्या."

उतरवून ठेवता येतात हे मला माहीतच नव्हतं. मी दहा दिवस भावाचा विचार करत होते. पत्रिकांचा केलाच नव्हता.

मग अण्णा उठले. चष्मा काढला, पुसला, घातला. "तीन आणं ह्यो भाव माझ्या नावावर बोलला गेला. त्यो माझा मी कंडेम करतो." ते असं म्हणाले. कंडेम शब्द त्यांनी स्वतःच्या कशाला वापरलेला मी कधी ऐकला नाही. "पोरीला मी शिकवलंय. अर्धं शिकवलं. त्या डबीचा भाव आता नव्यानं हुईल, सगळ्यांफुडं, एकदाच. आणि जो हुईल त्यापरमाणं आण्यांत इकडं-तिकडं करायचं. घंगाळ ऱ्हाऊ दे पोरीकडं, दुसरं काय तरी निघंल."

"कोण करणार?" विलासदादांनी विचारलं.

"हीच. मोडलंय कुणी?"

आक्का म्हणाल्या, "करू दे. पर आधी त्या सतरा घरांचं बघा. माझी सून शब्दाची हाय." आणि शालनवहिनीला, "तू चहा टाक. नारळ काय देत न्हाई आज ह्यास्नी."

हसलं कोणीच नाही. मग अण्णाच हसले.

१९ फेब्रुवारी, विश्रामबाग

वं.व.च्या खोलीत लिहितेय. सकाळपासून पत्रिका फ्लॉप्यांवर उतरवणं चाललंय. फ्लॉपी म्हणजे काळ्या चौकोनी चकत्या. तीस लागतील. तिच्याकडं बारा होत्या, अशोकदादा सायकलवरून बाकीच्या आणायला गेले आणि आणल्याही. एकीला सात-आठ मिनिटं. सतरा घरं पहिल्या दोन फ्लॉप्यांतच झाली. आता जुनी चाललीत, मोठ्या बहिणींची.

वं.व. माझ्याशी कामापुरतं बोलते. "दे." "ही झाली." "नंबर टाक." मी नंबर टाकते. सुंदर अक्षरात टाकते, दुसरं काय करणार.

मधे एकदा किट्‌किट् थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "खरंच आरशासारखं असतं का गं आत?"

"हो. पाण्यासारखं."

"सहा वर्षं माझ्याकडं आहे. मी कधी बघितलं नाही."

आणखी एक फ्लॉपी झाल्यावर म्हणाली, "बंद पडली ना, तर मला दाखव उघडून."

दुपारनंतर जुन्या घरचे सगळे आले, आक्का रिक्षातून. भाव ऐकायला. खोलीत मावत नाहीत, विलासदादा दारात. शालनवहिनी खिडकीला टेकून वेलबुट्टी बघते. म्हणाली, "आमच्या पोरीच्या डोहाळजेवणाचं पण करशील का?" वं.व. म्हणाली, नंबर लावा.

अण्णांनी पिशवीतून लांब पेचकस काढला. टोक पेटीच्या पत्र्यावर, डबी असते त्या जागी, आणि लाकडी मूठ कानाच्या हाडाला. मोटरीचं बेअरिंग असंच ऐकतात. डोळे मिटून ऐकत राहिले. चष्मा नाकावर खाली आला. पेचकस माझ्या हातात दिला.

मी लावला.

बाहेरून घरघर वाटते. मूठ कानाला लावली की तसं नाही. लांबून कोणी तरी एकसारखं जातं गुणगुणत फिरवावं तसा, गोल, न थांबणारा आवाज. त्यात हाताचं किट्‌किट्, नाव सापडलं की. पंखा वेगळा कळतो. आणि या सगळ्याच्या खाली, दर फेरीला एकदा, फार बारीक, काही तरी आहे. सी... असं. का माझ्याच छातीतलं. श्वास रोखून ऐकलं, तरी नक्की नाही.

अण्णा म्हणाले, "घाई न्हाई."

बाविसावी झाली. सगळे माझ्या तोंडाकडं बघताहेत. वं.व.नं पुढची चकती माझ्यापुढं धरलीय. एका हातानं नंबर टाकतेय, मधेच हे लिहितेय, दुसऱ्यानं मूठ कानाशी. तेविसावी आत गेली. आवाज आहे तोच आहे, का जरा वाढलाय, कळत नाही. तिसावी बाहेर येईपर्यंत ऐकणार, मगच भाव बोलणार.